चारशे सतराचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे हं, विमानाचा! दरवाजा म्हटलं की तुमचं लक्ष उडतं, ठाऊक आहे मला. जुनी विमानं बघायला एअर शोला येणारी माणसंही तशीच. इंजिनाचे फोटो काढतील, शेपटीपाशी वाकून वाकून बघतील आणि मला कोपराने ढकलून आत डोकावतील. पण याच दरवाजाने एकदा तीन शहाण्या माणसांची चांगली फजिती केली. ती गोष्ट सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म युद्धाच्या काळातला. पातळ पत्रा, वर एक काच, दोन बिजागऱ्या आणि एक कडी, एवढाच माझा संसार. मला ज्या विमानाला बसवलं ते काही लढाऊ वगैरे नव्हतं. चिठ्ठ्या आणि नकाशे पोचवणारं दोन माणसांचं लहानसं विमान होतं ते. त्याचा नंबर ४१७. माझ्या आतल्या बाजूलाही तो काळ्या रंगाने लिहिला होता, आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

आमचा पायलट विशीतला, हसरा आणि कमालीचा वेंधळा. एकदा घाईघाईत त्याने पेट्रोलचा डबा माझ्यावर आपटला आणि माझ्या खालच्या कोपऱ्याला चांगलाच पोचा पडला. "चुकलं रे बाबा!" म्हणत त्याने मला थोपटलं. त्या पोच्याजवळ उभं राहून त्याने हौसेने फोटोही काढून घेतला. त्याची एक सवय होती. उड्डाणाआधी तो बोटांनी माझ्यावर दोनदा टकटक करायचा. का करायचा, ते मला कधी कळलं नाही.

एके दिवशी सकाळी ४१७चं इंजिन दुरुस्तीला उघडून ठेवलं होतं. शेजारच्या ४२२ला लगेच निघायचं होतं आणि नेमका त्याचा दरवाजा निखळला होता. आमच्या मेकॅनिकने मला काढलं आणि तिकडे बसवलं. "संध्याकाळी परत लावतो," म्हणाला. अशी उसनवारी तिथे रोजचीच. नियम एकच, बदललेला भाग वहीत लिहायचा.

दुपारी मी परत आलो तर ४१७ जागेवर नाही! इंजिन लवकर दुरुस्त झालं, तातडीची चिठ्ठी आली आणि आमचा पायलट दरवाजाच्या जागी ताडपत्री बांधून निघून गेला होता. मेकॅनिक दिवस मावळेपर्यंत धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. विमान आलं नाही. पायलटही आला नाही. मेकॅनिकने वही उघडली, पेन हातात घेतलं, आणि काहीच न लिहिता वही मिटली. त्याला ते लिहवेना. मी ४२२वरच राहिलो.

मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. मी असून त्याला वाचवलं असतं असं नाही, दरवाजा तो काय करणार? पण सोबत तरी गेलो असतो. ही सल मी किती वर्षं उरात बाळगली म्हणून सांगू!

युद्ध संपलं. माझ्या अंगावर रंगावर रंग चढले आणि आतला नंबर झाकला गेला. मग विमान एका पत्र्याच्या शेडमध्ये पडलं ते पडलंच. चाकं बसली, काचा तडकल्या. एका कोंबडीने तर पायलटच्या खुर्चीत अंडी उबवली. तिच्या पिल्लांनी मला चोचा मारून मारून हैराण केलं.

शेवटी शनिवारची मंडळी आली. मी त्यांना असंच म्हणतो, कारण ती दर शनिवारी यायची. दातांचे एक डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आणि बसडेपोत इंजिनं दुरुस्त करणारी ताई. तिघांनाही युद्धातल्या विमानांचं वेड. मास्तर जुन्या याद्या, पत्रं, फोटो गोळा करायचे. ताई एकेक नट खोलायची. आणि डॉक्टर दात खरवडायच्या हत्याराने माझा रंग थराथराने काढायचे. "आ करा," असं मलाही म्हणायचे! एका शनिवारी तिसऱ्या थराखाली त्यांना ४१७ दिसला आणि ते अक्षरशः नाचले.

मास्तरांनी पत्रापत्री करून ४१७च्या पायलटची धाकटी बहीण शोधून काढली. आता त्या पंच्याऐंशीच्या आजी. त्यांच्याकडे तो फोटो होता, माझ्या पोच्यासकट! मग काय, शंकाच उरली नाही. विमानावर मोठ्या अक्षरांत ४१७ रंगवलं गेलं. आजींनी पत्रात लिहिलं होतं, "दादाचं काहीच परत आलं नाही. एकदा त्याच्या विमानात बसायला मिळालं तर बरं होईल." त्यांना एअर शोचं आमंत्रण गेलं. आणि मी? मी मनात ओरडत होतो, अहो, चुकताय! पण माझं ओरडणं म्हणजे बिजागरीची कुरकुर. ताईने तेल घालून तीही बंद केली.

शोच्या दोन दिवस आधी ताई खुर्चीखालचा सांगाडा पुसत होती. तिला नळीवर ठोकलेला नंबर दिसला. मास्तरांनी यादी काढली. नंबर ४२२चा होता. मास्तरांनी यादी पुन्हा एकदा पडताळली आणि ते ओरडलेच,

"दरवाजावरून विमान ओळखलं आपण! चप्पल बघून माणूस ओळखावा तसं!"

"आजींना कुठे कळणार आहे?" डॉक्टर हळूच म्हणाले. "किती आशेने येतायत. राहू द्या ना."

"आपल्याला कळलंय ना डॉक्टर?" ताई म्हणाली. "त्या एवढ्या लांबून खऱ्या दादासाठी येतायत." डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच रंगाचा डबा आणून बाहेर ४२२ लिहिलं.

शोच्या दिवशी आकाशात विमानं घुमत होती, लोक टाळ्या वाजवत होते. आजी काठी टेकत आमच्यापाशी आल्या. मास्तरांनी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं.

"मग यात दादाचं काय आहे?" आजींनी विचारलं.

"हा दरवाजा," मास्तर म्हणाले. "एवढाच."

आजींनी माझ्या कोपऱ्यातला पोचा चाचपला. मग बोटं वळवली आणि माझ्यावर दोनदा टकटक केली. मित्रांनो, माझा पत्रा थरथरला!

"घरातून निघताना तो अशीच टकटक करायचा," आजी म्हणाल्या. "आई विचारायची, अरे, जाताना कशाला दार वाजवतोस? तर म्हणायचा, म्हणजे परत उघडायची त्याला आठवण राहते." त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या हसत होत्या. "एवढाच कसा हो, मास्तर? त्याची वाट बघणारं आणखी कुणीतरी आहे की जगात!"

ताईने हात दिला. आजी आत बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मला ओढून घेतलं. कडी लागली. इतक्या वर्षांची माझी सल तिथे निवली.

आता माझ्या बाहेर ४२२ आहे आणि आत ४१७. तो कुणी रंगवायचा नाही, अशी ताईची ताकीद आहे. दरवाजा बदलल्याची नोंद मास्तरांनी विमानाच्या नव्या वहीत केली, मेकॅनिकची राहून गेलेली. मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच, पण त्यांची खरी हकिकतही जपा, चुकलात तर चुकलो म्हणा. आणि घरातून निघताना दारावर दोनदा टकटक करत जा. आम्ही लक्षात ठेवतो.