डावा कोपरा

शोकसभेत पहिल्याच वक्त्याने दशरथ परबांना चढाईला पाठवलं आणि मग त्यांना कुणी परत येऊच दिलं नाही.

एकाने सांगितलं, दशरथराव एका दमात चार गडी बाद करून यायचे. दुसऱ्याने चाराचे पाच केले. कांदिवलीच्या शाळेतल्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलेली त्यांची नात अनुपमा हातातला रुमाल पिळत राहिली. तिचे आजोबा जन्मात चढाईला गेले नव्हते. गिरणीतल्या सुताच्या धुळीने त्यांच्या छातीत दम म्हणून ठेवला नव्हता. जिना चढले तरी धाप लागायची. कबड्डीला हुतूतू म्हणायचे त्या काळात आजोबा उभे राहायचे डाव्या कोपऱ्यात. समोरचा शिरला की त्याचा घोटा धरायचा, हे त्यांचं काम. एकदा एकाने टाच मारून त्यांचे पुढचे दोन दात पाडले. आजोबांनी दात सोडले, घोटा सोडला नाही.

चार गडी बाद करणारा माणूस तिच्या शेजारीच बसला होता. लवू तांडेल, आजोबांच्या संघातला चढाईवाला. आपलेच पराक्रम दुसऱ्याच्या नावावर ऐकत तो शांतपणे मान डोलावत होता.

"लवूआजोबा, हे तुमचं सांगतायत सगळं," ती कुजबुजली. "उठून बोला ना काहीतरी."

"र्‍हवांदे गो," लवू म्हणाला. "मेलेल्याक दोन गुण जास्त गेले तर तुझा काय गेला?"

"पण ते असे नव्हतेच."

"मी होतंय ना तसो. तेका दिलंय, समज."

सभेच्या शेवटी कबड्डी मंडळाचे सरचिटणीस नंदकुमार सावे उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, की यंदाच्या स्पर्धेपासून 'दशरथ परब स्मृती ढाल' देण्यात येईल, उत्कृष्ट चढाईपटूला. टाळ्या पडल्या. लवूनेही वाजवल्या.

तिथून अनुपमाच्या खेपा सुरू झाल्या. अंधेरीच्या कारखान्यातल्या टायपिंगच्या कामावरून सुटली की ती सरळ नंदकुमारांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जायची. नंदकुमार तिला स्टूल द्यायचे, चहा मागवायचे आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी बोलत काउंटरच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचे.

"काका, आजोबा पकड करायचे. ढाल पकडीची द्या, एवढंच म्हणतेय."

"अगं अनू, पकडीची ढाल आहे ना आधीच. काशीरामशेठच्या मातोश्रींच्या नावाने. मांडव त्यांचा, लाइट त्यांचे. त्यांना कोण सांगणार?"

"त्यांच्या आई कबड्डी खेळायच्या?"

"काहीतरीच काय."

"मग त्यांना चढाई चालेल. नावं बदला."

नंदकुमारांनी पंख्याचा रेग्युलेटर फिरवून बघितला. "बघू," ते म्हणाले. "आणि एक सांगू? चढाईत मान आहे गं. लोकांना चढाई आठवते. तुझ्याच आजोबांचं नाव मोठं होतंय, तर तूच आडवी येतेस."

घरीही तेच. वडील म्हणाले, मंडळाशी वाकडं कशाला घेतेस. आई म्हणाली, तुझ्या लग्नाच्या वेळी याच लोकांचा हॉल लागणार आहे. आजोबांची आरामखुर्ची अजून दाराशेजारीच होती. त्या खुर्चीतून ते येणाऱ्या-जाणाऱ्याचा घोटा धरायचे. ती कॉलेजला निघाली की हात यायचाच. मग लोंबकळत, चप्पल सुटेपर्यंत ताणून, उंबऱ्याला बोट लावायचं. बोट लागलं तर सुटका, कारण उंबरा म्हणजे मध्यरेषा. "येताना कधी धरू नये," ते कवळीतून हसत सांगायचे. "येताना तो सावध असतो, ओढून नेतो. काम झालं म्हणून परत फिरला ना, की धर." गाडी चुकल्यावर ती कितीदा त्यांच्यावर चिडली होती.

डिसेंबरातल्या रविवारी अंतिम सामना झाला. ढाली टेबलावर मांडल्या होत्या. परबांच्या ढालीवर एक पितळी खेळाडू होता, हात पुढे, पाय लांब, चढाईला निघालेला. ती द्यायला अनुपमालाच बोलावलं. नंदकुमार माइकवर म्हणाले, "ज्यांच्या एका चढाईने मैदान हादरायचं, त्या कै. दशरथरावांची नात."

विजेता पोरगा घामेजलेला, खूश होऊन हात पुढे करून उभा. ढालीवरची तिची बोटं सुटेनात. पोराने एकदा ओढून बघितली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, परत ओढली. लोक हसायला लागले. मग तिच्या लक्षात आलं की आपण चुकीच्या माणसाला धरलंय, तेही समोरून येताना. तिने ढाल सोडली, फोटोत उभी राहिली आणि खाली येऊन बसली.

आभार झाले. काशीरामशेठ मोटारीत बसून गेले. नंदकुमारांनी हुश्श करून कपाळ पुसलं आणि हारांची पिशवी घेऊन मैदान ओलांडून ते फाटकाकडे निघाले. चुन्याच्या मध्यरेषेच्या दोन पावलं अलीकडे अनुपमाने मागून त्यांचं मनगट धरलं.

"अगं, काय हे? लोक बघतायत."

"पुढच्या वर्षी आजोबांची ढाल पकडीची. सांगा."

"बसून बोलू ना. दुकानात ये."

"दुकानात नाही."

नंदकुमारांनी हात झटकला. सुटला नाही. ते पुढे सरकले, तर वाटेत लवू येऊन उभा राहिला होता, धोतराचा सोगा हातात धरून. उभ्या आयुष्यात त्याने कधी कुणाची पकड केली नव्हती आणि पाय कसे ठेवायचे तेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

"बरं बाई, पकडीची," नंदकुमार खालच्या आवाजात म्हणाले. "सोड आता."

"माइकवर."

"तो काढला मांडववाल्याने. बघ, वायरी गुंडाळतोय."

ते खरं होतं. खुर्च्याही एकात एक घालून झाल्या होत्या. फाटकाशी भेळवाल्याभोवती तेवढी माणसं उरली होती. अनुपमाने पकड दुसऱ्या हाताने आवळली.

"मग ओरडून सांगा."

नंदकुमारांनी लवूकडे पाहिलं. लवू कानामागे हात धरून आणखी एक पाऊल पुढे आला.

"जोरात बोल रे," तो म्हणाला. "माका ऐकाक येणा नाय."