टेसाशेजारची खुर्ची

टेसाला वेगळ्या शाळेत पाठवायचं का, हे त्या दुपारच्या बैठकीत ठरणार होतं. कॅनडातल्या थंडर बे गावच्या त्या शाळेत चौथीचा वर्ग कॉलीनकडे होता आणि तिचं मत पक्कं होतं: पाठवायचं. टेसा बोलत नसे. मुलांना ओढायची, बोचकारायची. म्हणून मदतनीस मिसेस प्रुइट दिवसभर तिला खेटून बसत.

"मिसेस प्रुइटची ही खुर्ची आज मागे घेऊया," मिरेल्ला म्हणाली. टेसासारख्या मुलांसाठी नेमलेली ही नवी विशेष शिक्षिका इटलीत शिकून, शिकवून आलेली.

"आजच? अगं, हिनं कुणाचं रक्त काढलं तर?" कॉलीन म्हणाली.

"मी आहे ना वर्गात."

"तू टेसासाठी आहेस."

"आमच्याकडे पदवीवर आणखी वेगळं प्रशिक्षण झालं, की आम्हाला वर्ग देतात, एक मूल नाही. टेसाही माझी, बाकीची वीसही माझी. वेगळ्या शाळा तर बहुतेक सगळ्या माझ्या जन्माआधीच बंद झाल्या."

"म्हणजे तिकडे सगळं आलबेल!"

"कुठलं! माणसं पुरत नाहीत, प्रशिक्षण नसलेल्यांनाही उभं करतात. पण सगळ्यात अवघड मूल सगळ्यात कमी शिकवलेल्या माणसाच्या हवाली करायचं आणि आपण फळ्याकडे वळायचं, हे बरं का?"

"मी ऐकतेय हं," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "आणि खरंय ते. मला कुणी काही शिकवलंच नाही."

कॉलीनला ते झोंबलं. तिच्या आईनं अशाच वेगळ्या शाळेत शिकवण्यात उभा जन्म ओतला होता. तिला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. मग काय, आईचं चुकलं?

खुर्ची मागे गेली. गणित चालू असताना टेसा उठली आणि तिनं पुढं बसलेल्या ब्रीची बाही गच्च धरली. कॉलीन धावली. मिरेल्लानं तिला अडवलं.

"थांब!"

ब्री वळली.

"ए, फाटेल ना माझी बाही! बस इथं."

टेसा तिच्याशेजारी बसली. बाही सोडली नाही, पण बोचकारलंही नाही.

"भीती नाही वाटली तुला?" कॉलीननं ब्रीला विचारलं.

"छे! ती रोज अशीच बोलावते मला, मिस. पण मध्ये मिसेस प्रुइट असतात ना!"

अरे देवा! सगळी शहाणी माणसं, आणि हे कुणालाच दिसू नये!

बैठकीत कॉलीन म्हणाली, "टेसा माझ्या वर्गातच राहील."

"जबाबदारी कुणाची?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"माझी आणि मिरेल्लाची. आणि मिसेस प्रुइटना आधी नीट प्रशिक्षण द्या."

आईच्या काळी अशा मुलांना जिथं एकही दार उघडं नव्हतं, तिथं तिनं एक खोली उघडली होती. मुलांना त्या खोलीतच ठेवून देण्याची चूक नंतरच्यांची होती, कॉलीनचीही. मित्रहो, लेकराला आधार जरूर द्यावा. पण तो त्याच्या आणि सवंगड्यांच्या मध्ये भिंत होऊन बसता कामा नये!