मैदानाचं रक्त

मैदानाच्या कठड्याला सकाळपासून माणसं चिकटली होती. सरावाहून परतलेल्या एका मुलीने पायातला पांढरा मोजा काढून वर धरला. मोजा लालतांबडा झाला होता.

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं.

मैदानाचं गवत का करपतंय ते सांगायला आलेल्या, सतरंजीवर उभ्या असलेल्या मातीबाबांनी डोळे मिटले. "रक्तच ते, लेकरांनो! कुणाचा तरी मत्सर ह्या भूमीला आतून कुरतडतोय. मी नाव घेणार नाही. भूमी स्वतःच सांगेल. ज्याच्या मनात मत्सर, त्याच्या पायाला रक्त!"

मग त्यांच्या चेल्याने पांढऱ्या फडक्यांनी एकेकाचे बूट पुसायला घेतले. कुणाचा जरासा डाग उमटे, कुणाचा तेवढाही नाही. मैदान राखणाऱ्या दोघी बहिणींतल्या थोरलीचे बूट पुसले तेव्हा मात्र फडकं गडद तांबडं झालं. तिच्या आजूबाजूची माणसं झटकन बाजूला झाली.

बाबा थापाड्या आहे असं थोरलीचं पहिल्यापासूनचं मत होतं, पण ह्या बाबतीत त्याने बरोबर ओळखलं होतं. ती खरंच जळत होती.

वडील ह्या मैदानाचे राखणदार. त्यांच्या हाताखाली थोरलीने उन्हातान्हात कंबर मोडून काम केलं. धाकटी बाहेरगावी शिकून आली आणि वडिलांच्या खुर्चीत बसली. थोरली मात्र गवत कापायच्या यंत्रावरच राहिली. धाकटीने ह्या वर्षी जुनं राकट गवत उपटून रेशमासारखं मऊ गवत लावलं, तेव्हा लोक बूट काढून त्यावर चालून बघायचे. ते कौतुक ऐकताना थोरलीच्या मनात यायचं, करपू दे एकदाचं! आणि पानगळीचे ओलसर, गारठ्याचे दिवस आले तसं ते खरोखरच करपायला लागलं.

"ताई, थोडे दिवस मैदानावर येऊ नकोस," धाकटी खाली बघत म्हणाली.

"तुलाही पटलं तर!"

"पटलं नाही गं. पण मातीबाबा रोज संध्याकाळी सतरंजीवरून पाइपने सगळ्या मैदानावर तीर्थ शिंपडतायत, तरी डाग वाढतातच आहेत. क्लबचे अध्यक्ष माझ्या मागे लागलेत. मी काय करू?"

"म्हणजे पटलंच," थोरली म्हणाली आणि तशीच चालू पडली.

घराच्या जिन्यात तिला खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. थोरलीला रडू आवरेना. "बाई, माझ्या जळण्यानेच गवत मेलं हो!"

"हो का? आणि माझ्या नव्या स्वयंपाकघरावर किती दिवस जळतेस? माझी तर एक फरशीही तडकली नाही. दे ते बूट इकडे."

शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी बुटावरची भुकटी काचपट्टीवर घेतली आणि थोरलीला सूक्ष्मदर्शकात डोकवायला लावलं. नारिंगी गोल कणांची नुसती खच्चून गर्दी होती.

"हा तांबेरा. गव्हावर पडतो ना, त्याच्याच जातीची बुरशी. गवताची वाढ मंदावली, खत कमी पडलं आणि पाती रात्रभर ओली राहिली की ती फोफावते. आता सांग, रोज मैदानभर फिरतं कोण?"

"मीच. कापायला."

"मग तुझेच बूट माखणार ना!"

थोरलीला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर ती जराशी हिरमुसलीही. एवढ्या वर्षांच्या जळफळाटाने एक पातंसुद्धा वाकलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीर्थाच्या वेळी ती थेट सतरंजीपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, खाली उतरा. भूमीला पाय लावा."

"माझं मन निर्मळ आहे, बाळ."

"मग अडतंय कुठे?"

गर्दीला गंमत वाटली. "उतरा बाबा, उतरा!" चार जणांनी ओरडा केला तेव्हा बाबांना उतरावंच लागलं. कफनी सावरत ते गोलपोस्टापर्यंत जाऊन परत आले. पांढऱ्याशुभ्र कफनीचा घेर तांबडा झाला होता.

"अगंबाई!" थोरली म्हणाली. "बाबा, तुम्ही कुणावर जळता हो?"

कठड्यावर हशा उसळला. तोवर थोरलीबरोबर आलेल्या बाईंनी टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला होता. माणसं रांगेने डोळा लावू लागली. "हे रोजचं संध्याकाळचं तीर्थ म्हणजे बुरशीला मेजवानी," बाई म्हणाल्या. "पाणी द्या ते सकाळी, म्हणजे उन्हाने पाती वाळतील. थोडं नत्राचं खत घाला. गवत कापून कचरा बाहेर न्या. एवढ्याने भागलं नाही तरच औषध फवारा." बाबांच्या चेल्याने सतरंजी गुंडाळलीसुद्धा होती.

धाकटीने सगळं तसंच केलं. थंडी कडक व्हायच्या आधी नवी हिरवी पाती वर आली. त्या दिवशी ती थोरलीशेजारी येऊन बसली. "ताई, तू खरंच जळतेस माझ्यावर?"

"जळते. ती खुर्ची मला हवी होती."

धाकटीने एक नवं पातं खुडलं. मग म्हणाली, "हे मला आधी सांगायचंस. मातीबाबाकडून कळायला नको होतं."

ह्या बहिणींचं पुढे काय ते त्या बघून घेतील. मत्सर सगळ्यांनाच वाटतो, त्याने गवत मरत नाही. पण रोगाचं खापर माणसावर फोडलं की रोग वाढत राहतो आणि माणूस मात्र हकनाक मरतो. तेव्हा उद्या कुणी सतरंजीवर उभं राहून तुमच्यातल्या एखाद्याकडे बोट दाखवलं, तर त्या बोटाकडे बघू नका. खाली वाका आणि पातं हातात घेऊन बघा.