या कानापासून त्या कानापर्यंत

"साडेतीन तास! सकाळी साडेआठला सुटतं, बाराला पोचतं," गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता बाबा म्हणाले. "मावशीकडे बसनं जायला याहून जास्त लागतात."

खुर्चीतले निवृत्त पोस्टमास्तर फेसातूनच बोलले, "सात हजार किलोमीटर? साडेतीन तासांत? विमान आहे की बंदुकीची गोळी?"

"तिकिटावर छापलंय की! विचारा हिला, भूगोलात पहिली आलीय." बाबांनी ब्रश माझ्याकडे रोखला. फेसाचा ठिपका थेट माझ्या नाकावर.

आता भूगोलात पहिली आलेली मुलगी गप्प बसेल का? बाकावर टॉवेलांच्या घड्या घालणारी ताई डोळ्यांनी 'नको, नको' करत होती. परवा तिचं विमान होतं, परदेशातल्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. पण तोवर माझी गाडी सुटली होती.

"काका, तुमचं डोकं जरा उसनं द्या."

पोस्टमास्तरांच्या डोक्यावर औषधाला केस नाही. इतकी गुळगुळीत पृथ्वी आमच्या शाळेतही नाही! "हा कान म्हणजे आपण. तो कान म्हणजे ताईचं शहर. ट्यूबलाइट म्हणजे सूर्य." मी खुर्ची हळूच फिरवली. "आपल्याकडे उजाडलं तरी तिकडे अंधारच. तिथली घड्याळं साडेपाच तास मागे. ताई बाराला पोचते, पण तिथल्या बाराला! प्रवास नऊ तासांचा."

"गुदगुल्या होतात गं," पृथ्वी म्हणाली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी फणीचं टोक त्या टकलावरून या कानापासून त्या कानापर्यंत नेलं. अगदी सावकाश.

"नऊ तास?" त्यांनी ताईला विचारलं.

"सांगणारच होते, बाबा."

"मी साडेतीन तास म्हणून हो म्हटलं होतं."

झालं! तिकीट, नोकरी, भरलेली बॅग, सगळं त्या एका वाक्याला लटकलं. गालावरचा फेस वाळला होता. बाबांनी तो पुसून पुन्हा लावला, दाढी पूर्ण केली. पोस्टमास्तर पायरी उतरून गेले, तशी बाबांनी खुर्ची झटकली.

"बस," ते ताईला म्हणाले.

आम्हा दोघींच्या केसांना बाबांशिवाय कुणाची कात्री लागलेली नाही. ताईचे तर कमरेपर्यंत. दर दोन महिन्यांनी खालून बोटभर, बस्स. किती कापायचे हे ते आम्हाला कधी विचारत नाहीत.

"सुट्टी कधी मिळेल?"

"दोन वर्षांनी."

"मग खांद्यापर्यंत घेतो. तिथे कुणाला सापडणार तुझा भोवरा? मी पुन्हा हात लावेपर्यंत पुरतील."

म्हणजे हो! आरशात ताईचे डोळे भरून आले.

"मान हलवू नकोस," बाबा म्हणाले.

मला राहवेना. "बाबा, येताना आठच तास लागतात. वारा पाठीमागून असतो."

कात्री थांबली. "बघ," ते आरशातल्या ताईला म्हणाले, "येताना जवळ आहे." आणि कात्री पुन्हा चालू झाली.

एक डोकं झालं की लगेच केर काढायचा, हा बाबांचा नियम. त्या संध्याकाळी पुढचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा त्यांनी त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. केरसुणी कोपऱ्यातच उभी होती.