पंचफुलाबाईंचा तास

"सर, फाटकावर एक म्हातारी येऊन बसली," बंडूजी दारातूनच म्हणाले. "मयत कुठी हाय, म्हनते."

प्रफुल्ल मातीच्या डोक्यावर ओलं गोणपाट गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"कोणाची मयत?"

"तेच मी इचारलं. तं म्हनते, बोलावता तुमी अन् मलेच इचारता काय? मी साऱ्या वर्गांत डोकावून आलो, सर. सारे जिवंत दिसून राह्यले."

बंडूजी या चित्रकला महाविद्यालयात कॉलेज निघालं तेव्हापासून शिपाई होते आणि असं काही बोलताना कधी हसत नसत. प्रफुल्लनं गोणपाटाची टोकं खोचली, नळाखाली हात धुतले. नखांतली माती निघाली नाही. ती तशीही कधी निघत नसे. शिल्पकलेच्या मास्तराचे हात असेच असायचे, आणि वर्ध्यात त्याला बहुतेक लोक त्या हातांवरूनच ओळखत.

फाटकाशी कडुनिंबाच्या सावलीत एक म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. धुवट पातळ, डोक्यावर पदर. शेजारी मयुरी मान खाली घालून उभी होती. मयुरी तिसऱ्या वर्षाला होती आणि रोज सिंदीहून रेल्वेनं येऊन-जाऊन करायची.

"ह्या पंचफुलाबाई, सर," ती म्हणाली. "थोडा घोळ झाला."

"घोळ कायचा वो?" म्हातारी म्हणाली. "फोनवर तूच म्हने ना, आजी, सोमवारी कालेजात रडायले ये. मी म्हटलं, कोन गेलं? तं म्हने, ये तं खरी, मंग सांगतो."

"मी शिकवायला ये म्हटलं होतं, आजी."

"रडनं काय शिकवाची गोष्ट हाय काय?"

प्रफुल्लनं त्यांना आत बोलावलं, बंडूजींना चहा सांगितला. पंचफुलाबाईंनी हात हलवून नको म्हटलं. मयतीच्या घरी जायचं असलं की त्या सकाळपासून तोंडात काही घालत नसत. आधी मयत, मग पाणी.

विषय तसा त्याचा नव्हताच. 'साहित्य आणि संस्कृती' हा पेपर माधवी शिकवायची. चित्रं काढणाऱ्या, माती मळणाऱ्या पोरांना तो नकोसा वाटे, कारण त्यात लिहावं लागे. पण माधवीचा तास ते बुडवत नसत. पावसाळ्यात ती गेली, तेव्हा अर्धं पाठ्यपुस्तक शिकवून व्हायचं होतं. दुसरं कोणी मिळेना. प्राचार्य त्याला म्हणाले, तुम्हीच घ्या, तुम्ही घरचेच. जसं काही तो तास म्हणजे मागे राहिलेली एखादी छत्री होती, घरच्यानं घेऊन जावी अशी.

त्यानं घेतली. पाठ्यपुस्तकातलं वाचून दाखवायचा, मग काय बोलावं ते सुचायचं नाही, तेव्हा फळ्यावर काढून दाखवायचा. जात्यावरच्या ओव्या शिकवताना त्यानं जातं काढलं, खुंटा काढला, दोन बायका समोरासमोर बसल्या की खुंट्यावर चार हात कसे येतात ते काढलं. पोरांना ते आवडलं. मग ओव्याच चालू राहिल्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी ओव्याच. पुढचा पाठ विलापाचा होता. कोणी मेल्यावर बायका हेल काढून, बोल लावून रडतात, त्याचा. तो शेवटचा पाठ. तो झाला की माधवीचं शिकवणं संपणार होतं.

"दोन मार्कांचा प्रश्न येतो त्याच्यावर," प्राचार्य म्हणाले होते. "सोडून द्या."

"तिचं अर्धं नाही ठेवायचं," तो म्हणाला होता. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओव्याच घेतल्या होत्या.

शेवटी परीक्षा तोंडावर आली तेव्हा मयुरीनंच विषय काढला. आमच्या सिंदीत पंचफुलाबाई आहेत, त्या रडल्या की अख्खी गल्ली रडते, त्यांना आणू का? पोरांनी हो म्हटलं. प्रफुल्ल काही बोलला नाही, तेव्हा तेही हो समजलं गेलं.

वर्गात पोरांनी खुर्च्या मागे सारून गोल केला होता. मधे सतरंजी. नागसेन स्टँडवर मोबाइल बसवत होता.

"हे काय होय?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"रेकॉर्डिंग आहे, आजी."

"कायचं?"

"तुमच्या रडण्याचं."

त्यांनी तोंडावर पदर धरला. हसताना त्यांचे खांदे हलत होते. "बाप्पा! अन् मयत?"

"मयत नाहीये. तुम्ही नुसतं करून दाखवा. म्हणजे समजा कोणी गेलं, तर कसं रडतात."

"समजा म्हनून नाई रडता येत, लेका. नाव घ्या लागते. कोनाचं घेऊ? तुह्यं घेऊ?"

"माझं नको," नागसेन इतक्या घाईनं म्हणाला की वर्ग हसला.

"काऊन? तूच तं समजा म्हने."

"प्राचार्यांचं घ्या, आजी," मागून कोणीतरी म्हणालं.

"जित्या मानसाच्या नावानं रडलं तं त्याची बायको मले चपलेनं मारीन."

पुन्हा हसू उठलं. मग ते एकेका तोंडावरून उतरत गेलं. मयुरी सरांकडे बघत होती. तिच्याकडे पाहून दुसरी बघायला लागली. थोड्या वेळानं सगळेच त्याच्याकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते.

पंचफुलाबाईंनी पिशवी उचलली. "मंग जातो मी. दोनची गाडी भेटीन."

प्रफुल्ल फळ्याशी गेला. खडू घेतला. विलापाला खरा मृत्यू लागतो, नुसतं नाटक करून विलाप होत नाही, असं एक वाक्य लिहिलं असतं तरी पाठ झाला होता. दोन मार्कांना तेवढं पुरलं असतं. त्यानं खडू फळ्याला टेकवला. मग तो परत खाली ठेवला.

"मयत आहे, बाई," तो म्हणाला.

"कोन?"

"माधवी."

या वर्गात तिचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं. पोरांसाठी ती मॅडम होती आणि त्याच्यासाठी 'आधी शिकवायच्या त्या'.

"कोन लागे तुमची?"

"बायको."

"कवा?"

"पावसाळ्यात."

पंचफुलाबाई पुन्हा सतरंजीवर बसल्या. पिशवी बाजूला सरकवली. "पावसाळ्यात गेली अन् मले आज बोलावलं." त्यांनी थोडा विचार केला. "चालते. पहिल्यांदा भेटाले आलं का त्याच दिवशी रडा लागते. मंग साल होवो का दोन होवो. ते बंद कर रे."

नागसेननं मोबाइल काढून खिशात घातला.

"काय करे ती?"

"शिकवायची. इथंच."

"ते नाई. शिकवते तं सारेच. तिचं तिचं काय होतं ते सांगा. त्याच्याबिगर मी काय म्हनू?"

प्रफुल्लनं तोंड उघडलं. त्याला दवाखाना आठवला. सलाईनची सुई लावलेला हात आठवला, नागपूरहून येताना गाडीच्या मागच्या सीटवर उशी घेऊन पडलेली ती आठवली. त्याच्या आधीचं काही येईना. कोणाचाही चेहरा एकदा बघून तो मातीत उतरवायचा. आणि आता ती आजाराच्या आधी कशी होती ते सापडत नव्हतं. मयतीच्या दिवशी त्यानं गाडी पाहिली, मंडप पाहिला, लांबून आलेल्या माणसांच्या चहाचं पाहिलं. सरांनी फार धीरानं घेतलं, असं सगळे म्हणाले. तिची आई रडली असती, पण ती आधीच गेलेली. बाकीचे शिकलेले लोक. सगळे रुमालात रडले.

"आजीचं नाव विचारायच्या," नागसेन म्हणाला.

"कोनाच्या?"

"सगळ्यांच्या. पहिल्या दिवशी. तुझं नाव राहू दे, तुझ्या आजीचं सांग, म्हणायच्या. अर्ध्या वर्गाला माहीतच नव्हतं. घरी फोन लावायला लावले."

"खिडकीत बसून शिकवायच्या," मयुरी म्हणाली. "खुर्ची असून."

"डब्यात कच्चा आंबा आणायच्या," मागचा एक पोरगा म्हणाला. "तिखटमीठ लावून. आम्हाला द्यायच्या आणि म्हणायच्या, सरांना सांगू नका, मला आंबट मना आहे."

हे प्रफुल्लला माहीत नव्हतं. तो त्या पोराकडे बघत राहिला.

"अन् घरी?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"बादलीत पाय सोडून पेपर तपासायची," तो म्हणाला. "उन्हाळ्यात." मग थांबून, "चहा बशीत ओतायची आणि विसरायची. रागावली की भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच."

"तुमाले बोले?"

"नाही. भांड्यांनाच."

"लेकरं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. "माय हाय तिची?"

"गेली."

"मंग आज मीच माय." त्यांनी पदर पुढे ओढला. "एक ध्यानात ठेवजा, बापू. मी रडाले लागलो का घरच्यानं खांद्यावर हात ठेवून मले उगी म्हना लागते. तोवर मले थांबता येत नाई. बाहेरच्यानं म्हनून चालत नाई."

"बरं," तो म्हणाला.

पंचफुलाबाईंनी दोन्ही हात जमिनीला टेकवले. पहिला आवाज इतका खालून आला की पोरांना तो कोणाचा ते कळलं नाही.

"अवो माधवी माय वो... मले न सांगता कशी गेली वो... बशीत चहा निवून राह्यला वो माय, कोन पेईन वो... बादलीतलं पानी तसंच वो... लोकाच्या आज्या धुंडल्या वो माय, अन् सोताच्या मायले नाई धुंडलं वो..."

एकेक बोल त्या लांबवत नेत आणि शेवटी खाली सोडत. पुढचा बोल तिथूनच उचलत. खिडकी रिकामी झाली, म्हणाल्या. आंबा मोहरला, तिखटमीठ कोणासाठी वाटू, म्हणाल्या. घासलेली भांडी चकाकतात माय, आता रागावणारी कोण, म्हणाल्या. मयुरीनं ओढणी तोंडात धरली होती. नागसेन जमिनीकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

घंटा झाली. दुसऱ्या वर्षाची पोरं बोलत बोलत दाराशी आली आणि गप्प झाली. बंडूजींनी हात आडवा धरून त्यांना तिथंच थोपवलं. त्यांनी स्वतः डोक्यावरची टोपी काढली होती.

पंचफुलाबाईंचा आवाज आता चिरत चालला होता. सकाळपासून पोटात पाणी नव्हतं. मधेच खोकल्याची उबळ यायची, ती दाबून त्या पुढचा बोल धरायच्या. सगळा वर्ग प्रफुल्लकडे बघत होता, आणि या वेळी कोणी लपवत नव्हतं.

तो उठला. सतरंजीपर्यंत गेला. एक शब्द होता. तो म्हटला की पाठ संपत होता, पेपर संपत होता, पुढच्या वर्षी त्या तासाला दुसरं कोणीतरी येणार होतं. तो वाकला. मातीच्या नखांचा हात त्यानं म्हातारीच्या खांद्यावर ठेवला. त्याचे ओठ हलले.

"माधे," तो म्हणाला.

मग त्याचे गुडघे सतरंजीला लागले. जो आवाज निघाला तो रडण्यासारखाही नव्हता. रुतून बसलेलं चाक ओढून काढताना गाडी करकरते, तसा काहीतरी होता. एकदा निघाला आणि निघतच राहिला.

पंचफुलाबाई बोल अर्धाच सोडून थांबल्या. पदर मागे सारून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा हात अजून त्यांच्या खांद्यावरच होता.

मयुरी डोळे पुसत उठली आणि सरांच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाली.

म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"बस, पोरी," ती हळूच म्हणाली. "एवढ्यात नाई."