झुलेदेबाईंचा फुटलेला नंबर

मी झुलेदेबाईंचा ओळख क्रमांक बोलतोय. अकरा आकड्यांचा आहे मी. हात नाहीत, पाय नाहीत, तरी इथे ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात माझ्याशिवाय बाईंचं पान हलत नाही.

सरकारी कचेरीत माझा जन्म झाला तेव्हा बाई लग्नाच्या होत्या. तेव्हापासून मी त्यांच्या जिभेवर. आमच्याकडे औषधाच्या दुकानात आधी नंबर विचारतात, मग दुखणं. नंबर सांगितला की सवलत मिळते, म्हणून सगळी रांग आपापले नंबर खणखणीत आवाजात सांगते. मला फार संकोच वाटायचा, पण माझं ऐकतो कोण?

एकदा काउंटरवरच्या मुलीने नोंदीसाठी जन्मसालही विचारलं. मागे रांगेत विधुर आदेर्बाल उभे होते. बाईंनी बेधडक आठ वर्षं चोरली.

पुढे ते दुकान चालवणाऱ्या औषध कंपनीकडची सगळी माहिती फुटली आणि मी चोरांच्या हाती लागलो. कुणीतरी बाईंच्या नावावर हप्त्यांनी मोटारसायकल उचलली. हप्ते थकले आणि थकबाकीदारांच्या यादीत जाऊन बाईंचं नाव मळलं, असंच म्हणतात आमच्याकडे. सुनेच्या घरातली मागची खोली सोडून बाईंना स्वतंत्र घर भाड्याने हवं होतं. घरमालक म्हणाला, "आधी नाव स्वच्छ करून या, बाई. तोवर थांबतो मी." बाई खूप रडल्या. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ग्राहक कचेरीतल्या अधिकाऱ्याने धीर दिला. "पोलिसांत तक्रार करा. तुमची कोणती माहिती होती ते कंपनीकडून लेखी मागा, हक्क आहे तुमचा. मग औषध कंपनी आणि मोटारसायकल विकणारा दुकानदार, दोघांवर छोट्या दाव्यांच्या कोर्टात दावा लावा. तिथे वकील लागत नाही. पण नुसती माहिती फुटली म्हणून भागत नाही हं, नुकसान दाखवावं लागतं."

कोर्टात कंपनीचा वकील हसला. "बाई हा नंबर भर दुकानात ओरडून सांगतात. आमच्याकडूनच फुटला कशावरून?"

बाई लाजेने लाल झाल्या. "न्यायाधीशबाई, मोटारसायकलच्या कागदांवरचं जन्मसाल बघा. खोटं आहे ते. आणि हे खोटं मी जगात एकाच ठिकाणी बोललेय, यांच्या दुकानात!"

कंपनीने लेखी दिलेल्या माहितीतही तेच साल निघालं. मोटारसायकलवाल्याने ते पडताळलंच नव्हतं. वकिलाचा चेहरा उतरला.

"मग खरं वय?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"एकाहत्तर."

सोबत आलेले आदेर्बाल मागच्या बाकावरून ओरडले, "अहो, मग आधी नाही का सांगायचं! मी स्वतःला म्हातारा समजून उगाच दबकून होतो!"

न्यायाधीशबाईंनाही हसू आवरेना. कर्ज रद्द झालं, भरपाई मिळाली, नाव स्वच्छ झालं. हुश्श! केवढं ओझं उतरलं माझ्यावरचं.

काल भाडेकरार झाला. घरमालकाने नंबर विचारला, तेव्हा बाई उठल्या आणि मला हळूच त्याच्या कानात सांगितलं. इतक्या मायेने मला आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

वाचकहो, तुमचाही एक नंबर असेलच. त्याला जपा. आणि फुटलाच, तर लाजून घरात बसू नका. झुलेदेबाई लाजल्या, पण बोलल्या. म्हणून आज त्यांच्या दाराची किल्ली त्यांच्याच हातात आहे.