बोर्ड काय मागतो

आणलेला प्रत्येक भाग जोडण्याआधी मदरबोर्डशी ताडून बघायचा, हा आमच्या दुकानाचा वीस वर्षांचा नेम. हे खोक्यावरचं वाचणार, मी बोर्डाच्या पुस्तिकेत बोट ठेवून "आहे" म्हणणार. एकट्याचे डोळे मालकाची खुशामत करतात, असं ह्यांचं म्हणणं.

गेले सहा महिने हे एकच गोष्ट तीनतीनदा विचारू लागले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता जबाबदारीची कामं नकोत. मी ह्यांना ते सांगितलंच नाही. मनाशी एवढं ठरवलं, समोरच्या शिंपीणबाईंच्या लेकीचा कॉम्प्युटर ह्यांनी नीट जमवला, तर दुकान चालू ठेवायचं. नाहीतर शटर खाली. यादी, खरेदी, सगळं ह्यांच्यावर सोडलं.

सकाळी टेबलावर खोकी मांडली.

"प्रोसेसर," म्हणत ह्यांनी नंबर वाचला.

"आहे."

"पॉवर सप्लाय."

"आहे." माझा जीव जरा भांड्यात पडला.

"रॅम. डीडीआर फाइव्ह."

पुस्तिकेत फाइव्हच होतं. "आहे" म्हणणार, तेवढ्यात पाकिटाकडे नजर गेली. त्यावर ठसठशीत फोर छापलेलं. हे वाचतच नव्हते, डोक्यातलं बोलत होते. फोरची खाच वेगळ्या जागी असते. ती ह्या बोर्डात बसत नाही. नव्या गिऱ्हाइकांना हे नेहमी बजावायचे, "अहो, जोर लावून संसार रेटता येतो, रॅम नाही!"

ह्यांनी कात्री उचलली. फोडलेलं पाकीट कुणी परत घेत नाही.

"अहो, थांबा. ही फोर आहे."

ह्यांनी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"मीच यादीत चुकीचं लिहिलं," मी घाईनं म्हणाले. "हल्ली ध्यान कुठं असतं माझं!"

"वीस वर्षं शिकवलं, तरी कच्चीच राहिलीस," हे खुशीत म्हणाले. "बघू ती यादी."

द्यावी लागली. सगळी ह्यांच्याच अक्षरात. 'फोर'च्या खाली दोनदा रेघ मारलेली.

ह्यांनी त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग कागदाची बारीक घडी करून खिशात घातली.

"अक्षर बिघडलंय तुझं," हळूच म्हणाले.

"हो ना."

"ही बदलून आण. हा कॉम्प्युटर तूच जोड. आणि..." ह्यांनी कात्री ड्रॉवरमध्ये ठेवली. "नवीन काम घेऊ नकोस आता."

ह्यांना कसं सांगायचं म्हणून महिनाभर मी मनात वाक्यं जुळवत होते. एकही लागलं नाही.

दुपारी रॅम बदलायला एकटीच गेले. ठोक दुकानदार माझ्या मागं, दाराकडे बघत म्हणाला, "वहिनी, साहेब कुठं आहेत?"

"कामात आहेत," मी म्हणाले.